सळया जागेवर, घर कुंपणावर: पाइपच्या हरितगृहाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका घराच्या मागच्या अंगणातलं आहे. यात आत्या आणि भाचा अशी दोन माणसं आहेत. नावगाव मुद्दाम वगळलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. माझं काम रोपवाटिकांसाठी शेड आणि बोगदे, म्हणजे कमानींवर पॉलिथिन ताणलेली लांबट घरं, उभारून देण्याचं. मी यात आले ती पहिलं हरितगृह उडून गेल्यावर. त्याआधीचं मला दोघांच्या तोंडून कळलं, आणि ते भाच्यानं काढलेल्या फोटोंशी आणि आत्यांच्या वहीशी ताडून पाहता आलं. आत्या रोज सकाळ-दुपार-संध्याकाळ तापमान लिहून ठेवत. ती वही नसती तर या लेखातला निम्मा भाग अंदाजावर गेला असता.

आत्यांना रोपं करायचा नाद. बी पेरायचं, ट्रेमध्ये रोपं वाढवायची, आपल्या वाफ्यांना पुरतील तेवढी ठेवून उरलेली ओळखीच्यांना द्यायची. उघड्यावर त्यांना दोन गोष्टी सतावत. जोराचा पाऊस आला की ट्रेमधलं बी मातीसकट वाहून जाई आणि थंडीत उगवण रेंगाळे. "डोक्यावर काहीतरी पारदर्शक हवं, बाकी मी बघते," एवढीच त्यांची मागणी होती. भाच्याला हातानं काम करायची आवड. त्यानं प्लास्टिक पाइपच्या कमानी करून वर पॉलिथिनचा पेपर ताणायचं सुचवलं.

पहिल्या वेळी कशाचा विचार झाला

भाच्याचा कागदावरचा आराखडा मी नंतर पाहिला आणि खरं सांगते, तो चांगला होता. १२ फूट रुंद, १८ फूट लांब. २० फुटी पाइप १२ फुटांच्या अंतरात वाकवला की मधे साडेसहा फुटांहून थोडी जास्त उंची मिळते, म्हणजे माणूस मान न वाकवता आत उभा राहतो. दर ३ फुटांवर एक अशा ७ कमानी. वर मधोमध एक आडवा पाइप, सगळ्या कमानींना बांधणारा.

पाइपच्या जाडीवर त्यानं बराच अभ्यास केला होता. अर्धा इंची पाइप हाताला सहज वाकतो, हलका असतो, म्हणून पहिल्यांदा करणारे बरेच जण तोच घेतात. पण एकाच प्रतीच्या अर्धा इंची आणि एक इंची पाइपच्या ताठरपणात साधारण पाचपटीचा फरक असतो. त्यानं एक इंची घेतला, हे बरोबर केलं. पेपरचंही तसंच. घरात सामान गुंडाळून आलेलं साधं पॉलिथिन पडून होतं आणि आत्यांचं म्हणणं, आहे तेच वापरू. साधं पॉलिथिन उन्हात काही महिन्यांत ठिसूळ होऊन फाटायला लागतं. भाचा अडून बसला आणि उन्हाला टिकणारा, यूव्ही प्रक्रिया केलेला २०० मायक्रॉनचा पेपर आणला. हेही बरोबर.

राहिल्या दोन गोष्टी. कमानी जमिनीला कशा धरायच्या आणि हवा कुठून खेळणार. पहिलीवर आराखड्यात एकच ओळ होती: १२ मिलिमीटरच्या १४ सळया, प्रत्येकी साडेतीन फूट, त्यातल्या दोन फूट जमिनीत, दीड फूट वर, त्यांवर पाइपची टोकं घालणे. दुसरीवर ओळसुद्धा नव्हती. एका टोकाला दार होतं, तेवढंच. दुसरं टोक पेपरनं बंद. "खिडक्यांचं नंतर बघू" असं ठरल्याचं दोघांनाही आठवतं, कुणी म्हटलं ते मात्र आठवत नाही.

या प्रकरणातला पहिला निर्णायक क्षण मी इथे धरते. आराखड्यात खाली दाबणाऱ्या प्रत्येक वजनाचा विचार होता: पेपरचं वजन, पावसाच्या पाण्याचं वजन, वेल टांगले तर त्यांचं वजन. वर उचलणाऱ्या जोराचा विचार कुठेच नव्हता.

उभारणी

दोन दिवसांत घर उभं राहिलं. पहिल्या दिवशी सुतळी ताणून कोपरे काढले, कर्ण मोजून चौकोन काटकोनात आणला, सळया ठोकल्या. जमीन खणलेल्या वाफ्यांची, भुसभुशीत, त्यामुळे सळया घणाच्या चार-पाच ठोक्यांत आत गेल्या. भाच्यानं ते सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात काम सोपं गेल्याचं समाधान होतं. माझ्या कानाला मात्र ते खटकलं. जी सळई सहज आत जाते ती तितक्याच सहज वर येते.

कमानी चढवायला दोन माणसं लागतात. एकानं पाइपचं टोक सळईवर घालून पायानं दाबून धरायचं, दुसऱ्यानं पाइप पोटाशी घेऊन हळूहळू वाकवत पलीकडच्या सळईकडे न्यायचा. पाइप सतत सरळ व्हायला बघतो. आत्यांचं टोक एकदा निसटलं आणि पाइप भाच्याच्या कानाजवळून सणकन गेला. मग त्यांनी पाइप तासभर उन्हात ठेवले. कोमट झालेला पाइप बऱ्यापैकी ऐकतो, हे त्यांचं त्यांनाच उमगलं. सळयांच्या उघड्या टोकांवर रिकाम्या बाटल्या उपड्या घालायचं आत्यांना सुचलं. वाकलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर ती टोकं येतात, त्यामुळे ही खबरदारी कुणीही घ्यावी अशी आहे.

पेपर चढवला दुसऱ्या दिवशी सकाळी, गारव्यात. ताणून ताणून छान बसवला. दुपारी ऊन चढल्यावर तो सैल पडून कमानींच्या मधे झोळ आले. पॉलिथिन उष्णतेनं पसरतं. गारव्यात ताणलेला पेपर उन्हात ढिला पडणारच. पहिल्याच पावसात त्या झोळांमध्ये पाणी साचलं. एक चौरस मीटर जागेवर एक इंच पाणी म्हणजे जवळजवळ २५ किलो. आत्या रात्री उठून आतून झाडूच्या दांड्यानं पाणी ढकलून काढत.

पहिली अडचण: उकाडा

तिसऱ्या दिवसापासून वही बोलायला लागते. दुपारी दीड वाजता बाहेर ३१ अंश, आत दार बंद असताना ४७. त्या पानावर आत्यांनी तापमानाखाली लिहिलंय, "टोमॅटोची रोपं माना टाकून. पाणी घातलं तरी उठत नाहीत."

यात नवल काही नाही. निरभ्र आकाशात भर दुपारी जमिनीच्या एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊन पडतं. या घराची जमीन २० चौरस मीटर. पेपर काही ऊन परतवतो, काही मातीत आणि पाण्याच्या वाफेत जातं, तरी आत अडकणारी उष्णता एक किलोवॅटचे दहा हीटर एकदम लावल्यासारखी असते. ती बाहेर जायला वाट नसेल तर बाहेरपेक्षा १५-१६ अंश जास्त चढणं अगदी ठरलेलं. रोपवाटिकेत आम्ही साधा ठोकताळा वापरतो: उघडता येणारी जागा जमिनीच्या किमान १५ ते २० टक्के हवी. यांची जमीन २१६ चौरस फूट आणि दार १८ चौरस फुटांचं, म्हणजे ८ टक्केच. शिवाय ते एकाच टोकाला. हवा आत शिरते पण आरपार जात नाही, कारण पलीकडे तिला वाटच नाही.

त्यांनी यावर जो उपाय केला तोच बहुतेक जण करतात. दार कायमचं उघडं ठेवलं. रात्रीही, कारण सकाळी लवकर ऊन येई आणि आत्यांना उठून दार उघडायला उशीर झाला तर रोपं पुन्हा होरपळत. तापमान थोडं उतरलं, ४७ वरून ४१ वर आलं. एकदा दार उघडं राहायला लागलं की मग ते उघडंच असतं. मांजर आत येऊन ट्रेवर झोपू लागली, एवढीच तक्रार वहीत आहे.

दुसरी अडचण: वाऱ्याची रात्र

संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि वारा सुटला. आत्यांनी भाच्याला फोन केला. हे संभाषण मी दोघांकडून वेगवेगळं ऐकलं आणि ते शब्दाला शब्द जुळलं.

"अरे, वारा फार आहे. दार लावून घेऊ का?"

"नको आत्या, तू उघडंच ठेव. वारा आरपार जाऊ दे. बंद केलंस तर अडून जोर जास्त लागेल."

या प्रकरणातला दुसरा आणि सगळ्यांत महागात पडलेला निर्णय तो हाच. भाच्याचं म्हणणं ऐकायला पटतं. दोन्ही टोकं उघडी असती तर त्यात थोडं तथ्यही होतं. पण इथे एकच टोक उघडं होतं आणि वारा नेमका त्याच बाजूनं येत होता. अशा वेळी हवा आत शिरते, पलीकडे अडते आणि आतून छताला वर ढकलते. त्याच वेळी बाहेरून गोल छतावरून वेगानं जाणारा वारा छताला वर खेचत असतो. दोन्ही जोर एकाच दिशेचे. फुग्याच्या तोंडात फुंकर मारावी तसं झालं.

सकाळी हरितगृह कुंपणावर पालथं पडलेलं होतं. भाच्यानं तेव्हा काढलेला एक फोटो मी माझ्याकडे ठेवला आहे. अंगणात चौदा सळया दोन ओळींत ताठ उभ्या आहेत. दोन-तीन जरा तिरक्या, बाकी जशाच्या तशा. त्यांच्या मधे रोपांचे ट्रे, काही पालथे झालेले, पण बरेच जागच्या जागी. आणि मागे कुंपणावर सातही कमानी, अखंड. एकही पाइप मोडलेला नव्हता. ज्या पाइपच्या जाडीवर इतके दिवस घातले होते तो आपलं काम चोख करून गेला होता. तो सळयांवरून नुसता वर सरकून निघाला होता, कारण त्याला खाली धरून ठेवणारं काहीच नव्हतं.

हिशेब

मी गेले तेव्हा भाचा म्हणत होता की सळया आणखी खोल ठोकायला हव्यात. त्याला फोटो पुन्हा दाखवला. सळया तर उपटल्याच नाहीत, मग खोल ठोकून काय साधणार? मग आम्ही ओसरीवर बसून हिशेब मांडला.

वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र सोपं आहे. वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, ०.६ नं गुणायचं, की चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. त्या रात्रीचा वेग कुणी मोजला नव्हता. मी ताशी ६० किलोमीटर धरला, म्हणजे सेकंदाला पावणेसतरा मीटर. दाब येतो साधारण १६७ न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला १७ किलो. छताखालची जमीन २० चौरस मीटर. सगळा दाब वरच्या दिशेनं लागला असं धरलं तर ३४० किलो. कमानी, आडवा पाइप, दार आणि पेपर मिळून घराचं वजन किती? चाळीस किलोच्या आसपास.

भाचा बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिला. आत्या म्हणाल्या, "म्हणजे मी आत दोन माणसं उभी केली असती तरी त्यांना घेऊन गेलं असतं." अगदी तसंच. आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हेही इथेच सांगितलं. ताशी ६० ला जे टिकलं ते ८० ला टिकेल असं धरता येत नाही.

दुसऱ्या वेळचे पर्याय

चार वाटा समोर होत्या. पहिली, तयार लोखंडी सांगाड्याचं हरितगृह आणायचं. टिकाऊ, पण खर्च कैकपट आणि तेही जमिनीला नीट धरलं नाही तर उडायचंच. मी अशी उडालेली पाहिली आहेत. दुसरी, प्लास्टिकऐवजी गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पाइप वाकवून घ्यायचे. माझं मन आधी इकडे होतं. प्लास्टिक पाइप पाणी वाहण्यासाठी बनतो, भार पेलण्यासाठी नाही, आणि पीव्हीसी, म्हणजे हाच साधा पांढरा प्लास्टिक पाइप, वर्षानुवर्षं उन्हात राहिला की ठिसूळ होतो. पण पाइप वाकवायचं यंत्र जवळपास नव्हतं आणि सात कमानी शाबूत पडलेल्या होत्या. तिसरी, उभं राहण्याइतकं घर सोडून द्यायचं आणि वाफ्यांवर गुडघाभर उंचीचे बोगदे करायचे. वारा जमिनीजवळ कमी लागतो, रोपांना तेवढं पुरतं. ही वाट मला खरंच मोलाची वाटते आणि ज्यांना फक्त रोपं करायची आहेत त्यांना मी आधी हीच सुचवते. आत्यांनी मान हलवली. "मला वाकून काम होत नाही," त्या म्हणाल्या. गुडघ्यांचा प्रश्न होता आणि तो कुठल्याही हिशेबापेक्षा मोठा होता.

राहिली चौथी: त्याच कमानी, तीच जागा, पण जमिनीशी बांधणी नवीन आणि हवेला नवीन वाटा. हीच ठरली.

काय केलं

आधी तळ. दोन्ही लांब बाजूंना जाड लाकडी फळ्या जमिनीवर आडव्या बसवल्या आणि प्रत्येक पाइप पत्र्याच्या क्लॅम्पनं, आरपार बोल्टनं फळीला आवळला. सळया पाइपच्या आत तशाच राहिल्या, त्या आता फक्त पाइप बाजूला सरकू नये म्हणून. मग ती फळी जमिनीला धरायची. त्यासाठी आम्ही पुरलेले ठोकळे वापरले. प्रत्येक बाजूला चार, असे आठ खड्डे, दोन फुटांहून जरा खोल. तळाशी फूटभर लांबीरुंदीचा काँक्रीटचा ठोकळा, त्याला जाड गॅल्व्हनाइज्ड तार गुंडाळलेली. तारेची दोन्ही टोकं वर काढून खड्डा थराथरानं माती टाकून, पाणी मारून, धुमसून भरला आणि तारा फळीला पिळून आवळल्या. ठोकळा उपटायचा तर त्याच्या डोक्यावरची सगळी माती उचलावी लागते. ती सरळ खांबासारखी धरली तरी एका ठोकळ्यावर ८० किलोच्या वर भरते आणि प्रत्यक्षात माती शंकूच्या आकारात, म्हणजे आणखी जास्त उचलली जाते. आठ ठोकळे मिळून साडेसहाशे किलो धरायला हरकत नव्हती. ३४० च्या जवळपास दुप्पट.

आत्यांना हे काम पटायला वेळ लागला. दिवसभर खड्डे खणून झाल्यावर वर दिसायला काहीच नव्हतं, मातीतून डोकावणाऱ्या सोळा तारा सोडून.

मग सांगाडा. मधल्या आडव्या पाइपच्या जोडीला दोन्ही खांद्यांवर एकेक आडवा पाइप बांधला. चारही कोपऱ्यांत पहिल्या कमानीच्या खांद्यापासून तिसऱ्या कमानीच्या पायापर्यंत तिरका पाइप दिला. हे तिरके आधार नसतील तर कमानी पत्त्यांसारख्या एकावर एक लांबीच्या दिशेनं कलतात. उभ्या-आडव्या पाइपांनी बनलेला चौकोन कलू शकतो, त्रिकोण कलत नाही.

हवेसाठी दोन्ही लांब बाजूंना तळाच्या फळीपासून अडीच फुटांवर दुसरी लाकडी पट्टी बसवली आणि वरचा पेपर तिथेच संपवला. त्याखाली वेगळा पडदा, तळाला पाइप गुंडाळलेला, जो हातानं फिरवून वर गुंडाळता येतो. दारासमोरच्या टोकाला, वरच्या अंगाला खिडकी केली, कारण गरम हवा वर जमते. उघडी जागा आता जमिनीच्या ४० टक्क्यांच्या पुढे गेली.

पेपर या वेळी ऊन असताना, वारा पडलेला बघून, दुपारी चढवला. त्याआधी एक काम होतं जे पहिल्या वेळी कुणाला ठाऊक नव्हतं. उन्हात तापलेल्या पीव्हीसीला पॉलिथिन थेट टेकलं की त्या रेषेवर पेपर लवकर कुजतो. पाइप गरम राहतो हे एक कारण आणि पीव्हीसीतले घटक पेपरमधल्या यूव्ही संरक्षणाला मारक ठरतात हे दुसरं. म्हणून पाइपच्या वरच्या अंगाला पांढरी चिकटपट्टी लावली. पेपर सगळीकडे लाकडी पट्टीखाली दाबून स्क्रूनं आवळला. कमानींच्या मधल्या प्रत्येक गाळ्यावरून एक दोरी टाकून दोन्हीकडे फळीला बांधली, म्हणजे वाऱ्यात पेपर फडफडत नाही. पेपर फाटतो तो बहुतेक वेळा ताणानं नाही, फडफडून फडफडून.

आणि एक नियम कागदावर लिहून दाराला लावला. वारा वाढला की दार, खिडकी, पडदे सगळं बंद. मोठ्या वादळाचा इशारा असेल तर वेळ असतानाच एका बाजूच्या पट्ट्या काढून पेपर गुंडाळून ठेवायचा. पेपर नव्यानं आणता येतो. सांगाडा शेजारच्यांच्या अंगणात जाऊन पडला तर कुणाला तरी इजा होऊ शकते.

परिणाम

उकाड्याचा प्रश्न जवळजवळ सुटला. बाहेर ३१ असताना पडदे वर असले की आत ३३-३४. टोमॅटोची फुलं दिवसा ३५ अंशांच्या पुढे गळायला लागतात, त्यामुळे हा फरक जीवनमरणाचा होता. कडक दिवसांत आत्या वरून ५० टक्के ऊन अडवणारी शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, टाकतात.

वारा पुढच्या सात महिन्यांत दोनदा जोराचा आला. पहिल्यांदा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा, आत्यांनी फोनवर सांगितलं, रात्रभर दोऱ्या वाजत होत्या. सकाळी वाऱ्याकडच्या बाजूची एक लाकडी पट्टी निघालेली आणि पेपर दोन ठिकाणी हातभर फाटलेला. सांगाडा तसूभर हलला नव्हता. पेपर दुरुस्तीच्या चिकटपट्टीनं जोडला.

एक अपेक्षा पुरी झाली नाही आणि ती सांगायला हवी. आत्यांना वाटलं होतं, आता थंडीच्या रात्री आत ऊब राहील. वही वेगळं सांगते. पहाटे बाहेर ९ अंश तर आत ११. निरभ्र, वारा नसलेल्या एका पहाटे आत-बाहेर सारखंच. पॉलिथिन दिवसाचं ऊन आत घेतं, पण रात्री जमिनीतून निघणारी उष्णताही ते सहज बाहेर सोडतं, काचेसारखी अडवत नाही. उत्तरेच्या भिंतीशी पाण्यानं भरलेलं काळं २०० लिटरचं पिंप ठेवलं. ते रात्रीत ५ अंश थंड झालं तर साधारण सव्वा युनिट विजेइतकी ऊब सोडतं. मदत होते, चमत्कार होत नाही. खरा फरक पडला तो ट्रेवर रात्री दुसरं पातळ आवरण टाकल्यावर. दोन आवरणांमधली हवा अडून राहते. त्यानंतर थंडीतली उगवण पहिल्यांदाच वेळेवर झाली.

सकाळी छतावरून दव टपकून पानांवर पडतं आणि पानं ओली राहिली की बुरशी येते, हा त्रास अजून आहे. आत्या सकाळी ऊन आलं की आधी अर्धा तास वरची खिडकी उघडतात, मग पडदे.

काय वेगळं करता आलं असतं

भाच्याची चूक झाली असं मला वाटत नाही. पाइप हातात येतो, वाकतो, डोळ्यांना दिसतो, म्हणून विचार तिथेच रमला. दार उघडं ठेवायचा सल्ला हा त्या रात्रीचा नव्हताच मुळी. आराखड्यात खिडकी नव्हती, म्हणून दार उघडं राहायची सवय लागली आणि सवय लागली म्हणून त्या रात्रीही ते उघडंच ठेवावंसं वाटलं. बाजूचे पडदे पहिल्या दिवशी असते तर त्या फोनवर बोलायला काही उरलंच नसतं.

सळयांच्या बाबतीत एक साधी चाचणी आधी करता आली असती. एक कमान उभी झाली की तिच्या पायाशी दोन्ही हातांनी धरून वर ओढून बघायची. ती निघाली तर वाराही काढेल. दहा सेकंदांचं काम. आता मी प्रत्येक ठिकाणी हे करून बघायला सांगते.

माझे दोन निर्णय मला आज चुकीचे वाटतात. जुन्या कमानी शाबूत दिसल्या म्हणून मी त्या वापरू दिल्या. पण त्या कुंपणावर पालथ्या पडताना त्यांना काय लागलं होतं ते डोळ्यांना दिसत नव्हतं. थंडीतल्या एका सकाळी एका कमानीला खांद्याजवळ उभी चीर गेली. थंड पाइप कमी लवचीक असतो, आधीची इजा तिथे उघडी पडली. निदान टोकाच्या दोन कमानी, ज्यांच्यावर सगळ्यांत जास्त जोर येतो, मी नव्या घ्यायला लावायला हव्या होत्या.

दुसरा निर्णय चिकटपट्टीचा. वेळ वाचतो म्हणून मी रंगाऐवजी तिची शिफारस केली. वर्षाच्या आत उन्हानं तिचा गोंद सुटला आणि ती पेपरखाली गोळा होऊन बसली. तीन जागी पाइप पुन्हा उघडा पडला आहे आणि तिथे पेपरवर पिवळसर रेषा दिसू लागली आहे. पाइप पॉलिशपेपरनं खरवडून पाण्यात मिसळणारा पांढरा रंग दोन हात दिला असता तर हे झालं नसतं. खरवडल्याशिवाय तो रंग पीव्हीसीवर धरत नाही, म्हणून लोक कंटाळा करतात. मीही तेव्हा केला.

हा पेपर आणखी दोन हंगाम निघेल असं वाटतं. तो उतरवला की पाइप खरवडून रंगवायचे आणि चिरलेल्या कमानीसकट टोकाच्या दोन्ही कमानी बदलायच्या, असं आत्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं आहे. भाच्यानं खाली एक ओळ जोडली आहे: "नवीन कमानी चढवल्यावर आधी वर ओढून बघणे."